पाळत, परके आणि आपण

आमच्या आकुर्डीत आणि प्राधिकरणात परदेशी माणूस दिसला तर आता कुणी वळून बघत नाही. २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि जर्मन मंडळी या भागात दिसू लागली. कोरियन आहेत, जपानी आहेत. असा भाडेकरू ठेवला की त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारला कळवावी लागते. यात मला काही गैर वाटत नाही. नियम उघड आहे आणि त्या पाहुण्यालाही तो ठाऊक असतो. आज लिहायचे आहे ते न दिसणाऱ्या पाळतीबद्दल, म्हणजे त्याच्या इंटरनेटवर ठेवल्या जाणाऱ्या नजरेबद्दल.

२००८ सालची गोष्ट आठवते का पाहा. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीची ई-मेल गेली होती. तिचा माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटवर पोचले. तिथे एक अमेरिकन कुटुंब राहत होते. त्यांच्या वाय-फायला पासवर्ड नव्हता आणि कुणीतरी तेच वापरून मेल पाठवली होती. त्या गृहस्थाची कसून चौकशी झाली, त्याच्या नावाने लुकआउट नोटीस निघाली, आणि ती असतानाही तो देश सोडून गेला म्हणून पुन्हा बोभाटा झाला. पुढे पोलिसांनी मेल प्रकरणात वेगळ्याच लोकांना पकडले. आयपी पत्ता कनेक्शन कुणाचे ते सांगतो, ते वापरणारा हात कुणाचा ते सांगत नाही, एवढा धडा त्यातून मिळाला.

हे परक्यांच्याच बाबतीत घडते असेही नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २००७ मध्ये, ऑर्कुटवर शिवाजी महाराजांची बदनामी केल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका तरुण संगणक इंजिनिअरला अटक केली. इंटरनेट कंपनीने आयपी पत्त्याची माहितीच चुकीची दिली होती. तो निर्दोष मुलगा पन्नास दिवस येरवड्यात होता! पण त्याच्यामागे घरचे होते, त्याला या देशात मत होते, तो कोर्टात दाद मागू शकत होता. परदेशी माणसाची अडचण वेगळी. त्याला ना मत, ना नगरसेवक, ना गावाकडचा वकील काका. व्हिसा रद्द होईल या धास्तीने तो तक्रारच करत नाही, गाशा गुंडाळून निघून जातो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २६/११ नंतर, डिसेंबर २००८ मध्ये, माहिती तंत्रज्ञान कायद्यातली दुरुस्ती संसदेने जवळजवळ चर्चेविनाच मंजूर केली. ती ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. जुन्या १८८५ च्या तार कायद्यात संदेश अडवायला सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही अट होती. नव्या ६९ व्या कलमात ती राहिली नाही. पासवर्ड उघडून द्यायला मदत केली नाही तर सात वर्षांपर्यंत कैद आहे. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने दहा यंत्रणांना हे अधिकार मिळाले. हुकूम काढणार गृहसचिव आणि तो बरोबर होता का हे तपासणार इतर सचिवांची समिती. मी चाळीसेक वर्षे पेपर तपासले. एकाच शिक्षकखोलीत बसणाऱ्यांनी एकमेकांच्या वर्गाचे पेपर तपासले तर कुणी नापास होत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे!

नागरिकशास्त्र शिकवताना मी मुलांना दोन कलमांतला फरक नेहमी दाखवत असे. एकोणिसावे कलम, म्हणजे भाषणस्वातंत्र्य वगैरे, फक्त ‘नागरिकांना’ आहे. एकविसाव्यात मात्र घटनाकारांनी ‘व्यक्ती’ असा शब्द घातला. जीविताचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण या भूमीवरच्या कुणाही माणसाला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला, आणि त्याचा मुख्य आधार हे एकविसावे कलम आहे. म्हणजे चाकणचा जर्मन फोरमनही त्या छत्रीखाली येतो.

आणि आता आपल्या घरचे. हे वाचणाऱ्यांत माझे भाचे-पुतणे आहेत, त्यातले कितीतरी सातासमुद्रापार. तिथे परके कोण? आपलीच मुले! अमेरिकेने २००८ मध्येच ७०२ व्या कलमाचा कायदा केला. २०२४ मध्ये त्याला आणखी दोन वर्षांची मुदतवाढ दिली. त्याने संरक्षण दिले ते अमेरिकन नागरिकांना, ग्रीनकार्डवाल्यांना आणि त्या देशात असलेल्यांना. देशाबाहेरच्या परक्याचे संदेश टिपायला प्रत्येकासाठी वेगळे वॉरंट लागत नाही. म्हणजे न्यू जर्सीतल्या नातवाशी बोलणारी आकुर्डीची आजी त्या कायद्याच्या हिशेबात परकी, आणि आजीवर नजर ठेवली तर नातवाचे बोलणेही आपोआप टिपले जाते. १५ डिसेंबर २०२५ पासून तर एच-१बी आणि एच-४ व्हिसा मागणाऱ्यांना आपली सोशल मीडियाची खाती सर्वांना दिसतील अशी खुली ठेवायला सांगितले गेले. त्या सुमारास इकडे आलेल्या कितीतरी जणांच्या मुलाखती पुढच्या वर्षात ढकलल्या गेल्या. नोकरी तिकडे आणि माणूस इकडे अडकलेला. कुणी जुने फोटो पुसत होते, कुणी मित्राच्या पोस्टला दिलेला अंगठा काढून घेत होते. गुन्हा काही नसताना माणूस स्वतःच स्वतःचा सेन्सॉर होतो. पाळतीचा खरा परिणाम हाच.

कुणी म्हणेल, मास्तर, जर्मन बेकरी विसरलात का? नाही विसरलो. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कात सतरा जण गेले, त्यांत परदेशीही होते. पोलिसांना माग काढता आलाच पाहिजे. माझे म्हणणे इतकेच की सहीचे काम न्यायाधीशाचे असावे, मुदत ठरलेली असावी, आणि तपास संपल्यावर काही निघाले नाही तर त्या माणसाला तसे कळवावे, मग तो देशी असो की परदेशी. हे अशक्य नाही. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मे २०२० मध्ये निकाल दिला की आपली गुप्तहेर संस्था परदेशातल्या परक्यांवर नजर ठेवतानाही मूलभूत हक्कांना बांधलेली आहे. ज्यांचे इंजिनिअर आपल्याकडे राहतात त्यांनी एवढे मान्य केले. मग आपण का नाही?

अमेरिकेच्या नियमांनी आपली मुले हवालदिल झाली की आपण संतापतो, आणि ते बरोबरच आहे. पण चाकणच्या कोरियन इंजिनिअरची आईही तिकडे सेऊलमध्ये फोनची वाट बघत असतेच ना? आपल्या लेकरासाठी जे मागतो ते तिच्या लेकरालाही मिळाले पाहिजे. तिकडच्या मंडळींनो, तुमचा अनुभव काय? सवड झाली की लिहा, आणि आईला फोन करताना मोकळेपणाने बोला.