दर्पण कोणासमोर धरायचा?

वृत्तपत्रविद्येचे प्राध्यापक हल्ली नवमाध्यमांचा अभ्यास करतात. करोत बापडे! माझी तक्रार अभ्यासाविषयी नाही. त्याचे पुढे काय होते, याविषयी आहे. बहुधा तो इंग्रजीत लिहिला जातो, इंग्रजी नियतकालिकात छापला जातो, बढतीच्या कागदांना जोडला जातो, आणि तिथेच संपतो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवणारा पोरगा, रोह्याला धाटावच्या वसाहतीत पाळी संपवून घरी निघालेला कामगार, यांच्या खिशातल्या मोबाईलविषयी तो असतो. पण त्यांच्यापर्यंत त्यातले अक्षरही पोचत नाही.

मॅट्रिक झालेल्या मास्तराने प्राध्यापकांना शिकवू नये, असे कुणी म्हणेल. कबूल! मी त्यांच्याच पंक्तीतल्या एका प्राध्यापकाकडे बोट दाखवतो. बाळशास्त्री जांभेकर आमच्या कोकणातलेच, पोंभुर्ल्याचे. छापखाना हे त्यांच्या काळचे नवे माध्यम. छापलेल्या पोथीचा विटाळ मानणारी मंडळी तेव्हा होती. अशा काळात, ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ काढले, आणि इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला. पुढे ते एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक झाले. पण खुर्ची मिळाली म्हणून मराठी रकाना मिटला नाही. ‘दर्पण’ १८४० पर्यंत चालले. १८४५ साली त्यांनी शिळाछापावर ज्ञानेश्वरी छापून आणली, आणि पुढच्याच वर्षी ते गेले. नवे यंत्र समजून घेणे आणि समजलेले लोकांच्या हाती देणे, ही त्यांच्या लेखी दोन कामे नव्हती.

“शास्त्राला जगाच्या भाषेतच बोलावे लागते,” असे उत्तर मिळते. बोला की! पण शेजारचा रकाना कोरा का?

हा मानापमानाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती, आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी धाडता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. कंपनीने यंत्राला लगाम घातला. माणसाला शहाणे करण्याचे काम कोणाचे?

आमच्याकडे दुसरे टोकही दिसले. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले, वीज गेली, मोबाईलचे मनोरे मुके झाले, आणि रायगडातील कित्येक गावे एकमेकांना पारखी झाली. कुंडलिकेचे पाणी चढू लागले की खरी बातमी आणि जुन्या पुराचे चित्र एकाच पडद्यावर येतात. कोणते खरे मानून घर सोडायचे?

म्हणून मागणे एवढेच. प्रत्येक प्रबंधामागे एक मराठी पुस्तिका लिहा. पेणला या, रोह्याला या; वाचनालयात, शाळेच्या पडवीत बसा. खोटा निरोप कसा ओळखावा, तो पुढे धाडावासा का वाटतो, हे आमच्या आयाबायांना समजेल असे सांगा. सतरंजी आम्ही घालू, चहा आम्ही करू.

प्राध्यापकमहाराज, आजवर आम्ही तुमच्या अभ्यासाचा विषय झालो. आता आम्हाला तुमचे वाचकही होऊ द्या!