'साइटवर बघून घेऊ'

आपल्या घराच्या भिंतीत काय दडले आहे, हे खिळा ठोकेपर्यंत आपल्याला ठाऊक नसते. गेल्या गणपतीत आमच्या शेजाऱ्यांनी तोरण टांगण्यासाठी ड्रिल मशीन लावले आणि पाण्याची चिळकांडी उडाली. आमच्या बाजूच्या सगळ्या घरांचे पाणी दोन दिवस बंद. प्लंबरने पहिल्यांदा विचारले, 'नकाशा आहे का?' सेक्रेटरींनी कपाटातून महापालिकेचा मंजूर नकाशा काढला. त्यात खोल्या होत्या, जिने होते, पार्किंग होते. पाइप एकही नव्हता.

इमारतीचा नकाशा एकच असतो, ही आपली भाबडी समजूत. एखाद्या मोठ्या हॉस्पिटलचे बांधकाम घ्या. आर्किटेक्टचे ड्रॉइंग वेगळे, आरसीसीचे वेगळे. प्लंबिंग, वीज, एसी, आगीचे फवारे यांची आणखी वेगळी. प्रत्येक जण आपापल्या कागदावर बिनचूक असतो. भांडण लागते ते कागद एकावर एक ठेवले की. पूर्वी ट्रेसिंग पेपर काचेच्या टेबलावर पसरून खालून दिवा लावत. आता हेच काम संगणक करतो.

कोणाचा मान आधी, याचेही शास्त्र आहे. पहिला मान सांडपाण्याच्या पाइपचा, कारण त्याला उतार हवाच. साठास एक उतार धरला तर २० मीटर लांबीत तो सुमारे ३३ सेंटिमीटर खाली येतो, म्हणजे फूटभराहून जास्त! मग एसीचा जाडजूड डक्ट. वायर बिचारी कुठूनही वळते, म्हणून ती शेवटी. प्रत्यक्षात मात्र ज्याचा कंत्राटदार आधी आला तो एसटीत रुमाल टाकावा तशी जागा अडवतो. मागून आलेल्या प्लंबरसमोर बीम उभा. मग एक तर बीमला भोक पाडायचे, नाही तर उतार मारायचा. पहिल्यात इमारत दुबळी होते. दुसऱ्यात काही वर्षांनी तळमजल्यावरच्या माणसाच्या मोरीत घाण पाणी उलटते. ज्याने उतार मारला त्याचे बिल तोवर केव्हाच निघालेले असते.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. शिस्तीसाठी नावाजलेल्या जर्मनीत बर्लिनचा नवा विमानतळ ३ जून २०१२ रोजी सुरू व्हायचा होता. जेमतेम चार आठवडे आधी तो बेत रद्द झाला, कारण आग लागल्यास धूर बाहेर काढणारी यंत्रणा भरवशाची ठरेना. धूर वर जातो हे लहान पोरालाही कळते. तिथे काही भागांत तो खाली ओढून बाहेर सोडायची योजना होती. त्यातच बांधकाम चालू असताना आराखडे बदलत गेले आणि केबल चुकीच्या पद्धतीने टाकल्या गेल्या. विमानतळ उघडला ३१ ऑक्टोबर २०२० रोजी. आठ वर्षे!

संगणकामुळे हे संपेल असे सांगितले जाते. मला ते अर्धेच पटते. पाइप आणि डक्ट कुठे धडकतात हे संगणक दाखवतो. बाजूला कोणी सरायचे, ते तो ठरवू शकत नाही. त्यासाठी स्लॅब पडण्याआधी सगळी ड्रॉइंगे पाहणारा, 'थांबा' म्हणायचा अधिकार असलेला आणि त्याचा मोबदला मिळणारा माणूस लागतो. आपल्या कंत्राटांत त्याच्या जागी बहुधा एक ओळ असते: सर्वांनी साइटवर आपसात जुळवून घ्यावे. जुळवून घ्यायची ती वेळ येते तेव्हा काँक्रीट सुकलेले असते.

ग्राहकाच्या हातात काहीच नाही असे मात्र नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने आवश्यक कागदपत्रे आणि नकाशे सोसायटीच्या हवाली करण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे. सेवासुविधांतल्या दोषाबद्दलही ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत तक्रार करता येते. चावी घेताना आपण टाइल्स ठोकून बघतो, नळ सोडून बघतो; पाइप प्रत्यक्ष जिथून गेले त्याचे ड्रॉइंग किती जण मागतात?

आमची इमारत त्या कायद्याच्या आधीची. तरी सेक्रेटरींनी बिल्डरला पत्र टाकले. उत्तर सभ्य भाषेत आले: तसे ड्रॉइंग कधी केलेच नव्हते, काम साइटवर बघून झाले. शेजाऱ्यांचे तोरण यंदा चिकटपट्टीने लागले.