जुनैद जमशेदचा गळा आणि आपली वाद्यं

जुनैद जमशेदचा 'जलवा-ए-जानाँ' हा अल्बम २००५ साली आला. आमच्या बेलापुरात तो पोहोचला मेमरी कार्डावरून. मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत कार्ड भरून मिळायचं, तेव्हा. पुढे कार्डं गेली, पण रमजान आला की या नाती अजूनही फोनाफोनांतून फिरतात. त्यांच्यासोबत एक वाक्यही फिरतं: "एवढा मोठा गायक, त्यानं संगीत सोडलं, मग तुमचं काय?" माझी शंका अल्बमपेक्षा या वाक्याबद्दल जास्त आहे. पण आधी अल्बम.

जुनैद 'व्हायटल साइन्स' या बँडचा गायक. १९८६ साली रावळपिंडी-इस्लामाबादकडच्या मुलांनी जमवलेला हा बँड. पुढच्याच वर्षी 'दिल दिल पाकिस्तान' आलं आणि झिया-उल-हक यांच्या करड्या काळात जीन्स घातलेली चार पोरं टीव्हीवर दिसली. जुनैद इंजिनिअरिंग शिकलेला. बँड थंडावल्यावर त्यानं एकट्याचे अल्बम काढले. १९९९ चा 'उस राह पर' त्यातला गाजलेला. मग तबलिगी जमातीची ओढ वाढत गेली. निर्णय एका रात्रीत झाला नाही, बरीच ये-जा झाली. २००४ मध्ये त्यानं पॉप संगीत सोडल्याचं जाहीर केलं आणि वर्षभरात नातींचा हा अल्बम घेऊन तो परत आला.

परत आला, हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. लोक म्हणतात त्यानं गाणं सोडलं. कुठे सोडलं?

अल्बम नीट ऐका. गळा तोच आहे, मऊ, घाई नसलेला, वरच्या सुरात जाताना न ताणणारा. चाली कानाला लगेच बसतात, कारण त्या रचणाऱ्या कानाला पॉप गाण्याची चांगली सवय आहे. वाद्यं नाहीत, हे खरं. पण वाद्यांनी सोडलेली जागा रिकामी नाही. तिथे मागे घुमणारे आवाज आहेत, स्टुडिओतला प्रतिध्वनी आहे. पूर्वी जे काम कीबोर्ड करायचा, ते आता चार गळे करतात. सूर आहे, लय आहे, ध्रुवपदावर परत येणं आहे. मला विचाराल तर हे संगीतच आहे, आणि बऱ्यापैकी चांगलं संगीत आहे. काही नाती मात्र एकाच सपाट भावात चालतात. तिथे एखादी सारंगी असती तर बरं झालं असतं, असं वाटत राहतं. (हे वाक्य मी मोहल्ल्यात मोठ्यानं म्हणत नाही.)

त्याच बँडमधला सलमान अहमद घ्या. शिक्षणानं डॉक्टर. तो व्हायटल साइन्समधून बाहेर पडला आणि १९९० मध्ये 'जुनून' उभा केला. बुल्ले शाहचा कलाम त्यानं इलेक्ट्रिक गिटारवर आणला. पेशावरकडे धार्मिक पक्षांच्या सरकारनं बसमधल्या गाण्यांवर बंदी घातली होती, तेव्हा तो कॅमेरा घेऊन तिथे गेला आणि मौलवींना विचारत फिरला की कुरआनात संगीताला मनाई कुठे आहे. २००३ चा तो माहितीपट आहे. तिसरा सोबती रोहेल हयात. त्यानं २००८ मध्ये पाकिस्तानात कोक स्टुडिओ सुरू केला. एकाच बँडमधले तिघं, तिघंही नमाजी घरांच्या समाजातले, आणि उत्तरं तीन. आपल्याकडे व्हिडिओ मात्र एकाच उत्तराचे येतात.

उलेमांतही हा वाद जुना आहे. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समावर सबंध प्रकरण लिहिलं, इब्न हज्मनं वाद्यांना परवानगी आहे असं मांडलं, आणि विरोधात लिहिणारेही मोठेच होते. फार लांब कशाला, आपल्या खुलताबादचे बुऱ्हानुद्दीन गरीब चौदाव्या शतकात समासाठीच ओळखले जात. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. त्याच मिरजेत शिकलगारांची घराणी सतारी आणि तंबोरे घडवतात. २०२४ मध्ये त्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा वाळवून, कोरून, तारा चढवून पिढ्यान् पिढ्या पोट भरणाऱ्या या माणसांना कोणत्या तोंडानं सांगणार की तुमच्या हातातलं सगळं हराम?

इथे बेलापूर-श्रीरामपूर पट्ट्यात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकणारे आपलेच लोक आहेत. डीजेनं त्यांचं निम्मं काम खाल्लं, उरलेल्यावर आता घरातूनच प्रश्न येतात. माझा एक भाचा तबला शिकत होता, हात चांगला होता. दोन वर्षांपूर्वी एका वक्त्याचं बयान ऐकून आला, त्यात जुनैदचं उदाहरण होतं. तबल्याची जोडी पोत्यात बांधून माळ्यावर गेली. शाळेच्या गॅदरिंगमधून दोन मुलींची नावंही त्याच सुमारास काढली गेली. त्यांच्याबद्दल कुणी बोललं नाही, कारण मुलींचं गाणं थांबलं तर आपल्याकडे ती बातमी होत नाही.

जुनैदनं स्वतःपुरता घेतलेला निर्णय मी मान्य करतो. त्याला प्रसिद्धी होती, पैसा होता, त्यातून बाहेर पडायला धाडस लागतं. पण पन्नास कार्यक्रम गाजवून थकलेल्या माणसाचं सोडणं आणि तेरा वर्षांच्या पोराला सुरुवातच करू न देणं, या दोन गोष्टींना एकच शब्द वापरू नये. शिवाय ज्या वर्तुळात तो गेला, तिथेही त्याला सुखानं राहू दिलं नाही. २०१४ मध्ये हजरत आयेशा यांच्याविषयीच्या एका वक्तव्यावरून त्याच्यावर निंदेचा आरोप झाला. माफी मागूनही काही काळ देशाबाहेर राहावं लागलं. मार्च २०१६ मध्ये इस्लामाबादच्या विमानतळावर त्याला धक्काबुक्की झाली. ७ डिसेंबर २०१६ रोजी चित्रालहून परतताना विमान कोसळून तो गेला. त्या दिवशी टीव्हीवर त्याच्या नातीही लागल्या आणि 'दिल दिल पाकिस्तान'ही लागलं. दोन्हीत गळा एकच होता.

भाचा आता सोळा वर्षांचा आहे. परवा मी त्याला 'जलवा-ए-जानाँ'मधली एक नात लावून दिली आणि विचारलं, ठेका कोणता? त्यानं मांडीवर बोटं वाजवून दाखवली.