काचेचा डबा

सासूबाईंचा जन्म कर्जतचा. परंतु बोरघाट त्यांनीं डोळे भरून पाहिला तो वयाच्या ऐंशीव्या वर्षीं! मुलांना खिडकी द्यावयाची आणि बायकांनीं मध्यें बसावयाचें, हाच आमच्या घरचा रिवाज. २०२१ सालीं डेक्कन एक्स्प्रेसला काचेच्या छताचा डबा लागला. त्याचें भाडें ऐकून कर्ती मंडळी कुरकुरली (हीच मंडळी तरुणपणीं दारांत उभी राहून घाट पाहात असे!). यंदा आषाढांत मीं मात्र तिकिटें काढलींच.

पळसदरी मागें पडली आणि सदतिसास एक या चढावर आमची खोली शहरांतल्या काचेच्या लिफ्टीसारखी वर चालली. बोगद्याचा अंधार सरला कीं माथ्यावर धबधबा, खालीं उल्हासेचें खोरें. सासूबाई अवाक्षर बोलल्या नाहींत. लोणावळ्यास मात्र त्यांनीं विचारलें, “परततांना दुसऱ्या बाजूस बसतां येईल का ग?”