जाहीर आवाहन : डिसेंबरच्या दोन रात्री उल्का मोजू या

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी परिसरातील नागरिक, शेतकरी, शिक्षक व विद्यार्थी यांस,



यंदा, म्हणजे २०२६ साली, मिथुन राशीतला उल्कावर्षाव अगदी सोयीने जुळून आला आहे. रविवार १३ आणि सोमवार १४ डिसेंबर या दोन्ही रात्री चंद्र अकराच्या आत मावळतो. त्यानंतर पहाटेपर्यंत काळोख आपलाच. ऑगस्टमधला ययातीचा वर्षाव आपल्याकडे पावसाळी ढगांत वाया जातो; डिसेंबरात मात्र आकाश बहुधा मोकळे असते. म्हणून विनंती अशी, की या रात्री उल्का नुसत्या पाहू नका. मोजा आणि लिहून ठेवा.

सामान्य माणसाच्या नोंदीला काय किंमत, असे कुणाला वाटेल, तर हे उदाहरण पाहा. १३ नोव्हेंबर १८३३ च्या पहाटे अमेरिकेत उल्कांचा अक्षरशः पाऊस पडला. येल येथील प्राध्यापक डेनिसन ओल्मस्टेड यांनी वर्तमानपत्रातून लोकांना आवाहन केले : जे पाहिले ते लिहून कळवा. गावोगावहून पत्रे आली. ती ताडून पाहिल्यावर कळले, की सगळ्या उल्का सिंह राशीतल्या एकाच बिंदूतून निघाल्यासारख्या दिसत होत्या आणि तो बिंदू ताऱ्यांबरोबरच सरकत होता. म्हणजे उल्का हा हवेतला खेळ नव्हे, त्या पृथ्वीबाहेरून येतात. उल्काशास्त्राचा पाया असा लोकांच्या पत्रांवर उभा राहिला.

मिथुनच्या उल्कांचे मूळ फेथॉन नावाच्या लघुग्रहात आहे. १९८३ साली तो एका कृत्रिम उपग्रहाच्या निरीक्षणांतून सापडला. त्याने मागे टाकलेले कण सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने आपल्या वातावरणात शिरतात आणि जळतात. सिंहेच्या उल्का याच्या दुप्पट वेगाने येतात. त्या मानाने या सावकाश, त्यामुळे नवख्यालाही नीट टिपता येतात.

१९८८ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय उल्का संघटना जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी एकत्र करते. आकाश किती काळोखे होते आणि उगमबिंदू, म्हणजे उल्का जिथून निघाल्यासारख्या दिसतात तो बिंदू, किती उंचीवर होता, हे विचारात घेऊन प्रत्येकाचा आकडा एका मापावर आणला जातो. समजा, गावच्या गच्चीवरून तुम्हाला तासाभरात २० उल्का दिसल्या, सर्वांत फिका तारा ५.५ प्रतीचा (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप) दिसत होता आणि उगमबिंदू ५० अंशांवर होता. तर हिशेबाने उत्तर येते सुमारे ६८. निरभ्र, पूर्ण काळोखे आकाश आणि बिंदू डोक्यावर, असे असते तर साधारण तेवढ्या दिसल्या असत्या. म्हणूनच निपाणीची नोंद आणि जर्मनीची नोंद शेजारी ठेवता येते. शिवाय आपली मध्यरात्र उलटून काही वेळ गेला की जपानात उजाडायला लागते आणि युरोपात मिथुन रास अजून पूर्वेला चढत असते. त्या मधल्या तासांची नोंद आपल्याकडूनच जायला हवी.

नोंद कशी करावी?

१. रात्री अकरानंतर मोकळ्या माळावर, खळ्यावर किंवा गच्चीवर चटई टाकून आडवे व्हा. अंगावर घोंगडी असू द्या, थंडी चांगलीच असते.

२. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास द्या. मोबाइल बघू नका. बॅटरीला लाल जिलेटीन कागद लावा.

३. मृग नक्षत्राच्या ईशान्येला पुनर्वसूचे दोन ठळक तारे शोधा. उगमबिंदू तिथेच आहे. रात्री अडीचच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावर येतो.

४. उल्केची रेघ मनात मागे ओढा. पुनर्वसूकडे गेली तर ‘मिथुन’, नाहीतर ‘इतर’.

५. दर पंधरा मिनिटांना एक ओळ लिहा. उदाहरणार्थ : ‘२.०० ते २.१५, मिथुन ९, इतर २, ढग नाहीत, सर्वांत फिका तारा ५.५.’ फिक्या ताऱ्याची प्रत ठरवायला ठरलेल्या त्रिकोणातले तारे मोजतात. त्याचा तक्ता संघटनेने सर्वांसाठी खुला ठेवला आहे.

६. दहाजण एकत्र बसलात तरी प्रत्येकाने फक्त स्वतःला दिसलेली उल्का मोजायची. दुसऱ्याने ओरडून दाखवलेली धरायची नाही. बेरीज केली की नोंद निकामी होते.

शेतकरी बांधवांनो, रात्री उसाला पाणी पाजायला तुम्ही रानात असताच. तुमच्याइतके काळोखे आकाश शहरात कुणालाच मिळत नाही. दार मोडून झाल्यावर पंधरा मिनिटे दिलीत तरी ती नोंद मोलाची आहे.

शिक्षकांनो, पालकांच्या संमतीने मुलांना शाळेच्या मैदानावर बोलवा आणि नोंदी संघटनेच्या अर्जात भरून पाठवा. शेजारच्या कन्नड शाळेलाही सोबत घ्या. भाषेची अडचण नाही, तक्त्यात बहुतेक आकडेच भरायचे असतात.

ग्रामपंचायती, देवस्थाने आणि महामार्गालगतचे ढाबेवाले यांना विनंती, की सुरक्षेला नको असलेले मोठे दिवे या दोन रात्री अकरानंतर बंद ठेवावेत. खानापूरकडच्या मंडळींनी रात्री जंगलात शिरू नये, गावच्या माळावरूनच पाहावे.

आकडा लहान आला म्हणून लाजू नका, मोठा दिसावा म्हणून वाढवू नका. एखाद्या पंधरा मिनिटांत एकही उल्का दिसली नाही तरी शून्य लिहा. तीही नोंदच असते. आजच गावातल्या चार जणांना सांगा, शाळेत कागदाचे तक्ते तयार ठेवा आणि १३ तारखेला रात्री अकरा वाजता बाहेर या.

आपले नम्र,
आकाशनिरीक्षणाची आवड असलेले काही मित्र,
बेळगाव–निपाणी परिसर