काय उपयोग?

गणिताने आणि मी दहावीला एकमेकांचा निरोप घेतला, तो दोघांनाही आनंद व्हावा अशा रीतीने. पुढे मी मराठीचा मास्तर झालो. पण दैवाचा न्याय असा की, आमची कन्या निघाली गणितवेडी! परवा घरात चकल्यांचा घाणा चालला होता आणि ही बाई वहीत आकडेमोड करीत बसलेली. अभ्यासातले काही नव्हे. मी बोलून गेलो, "अगं, याचा उपयोग काय?"

तिने वही पुढे केली. तीत एकच संख्या होती : २,१४,७४,८३,६४७.

"बाबा, बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. असे दुप्पट करीत एकतीस घरे भरलीत, की एकूण दाणे इतके होतात. आणि ते सारखे वाटायचे तर दोनच मार्ग. सगळे एकालाच द्या, नाही तर जेवढे दाणे तेवढी माणसे बोलवा!"

म्हणजे ही मूळ संख्या. अकरा घरे भरली तर दाणे होतात २०४७. ते तेवीस जणांना एकोणनव्वदप्रमाणे बिनतक्रार वाटता येतात. तेव्हा एकतीस घरांचे कोडे सोपे नव्हते. ते १७७२ साली ऑयलरने सोडवले. मुक्काम पीटर्सबर्ग, वय पासष्टीच्या घरात आणि दृष्टी जवळजवळ गेलेली. ४६,३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे. पण त्याही पावणेपाच हजारांहून अधिक! ऑयलरने दाखवले की, हिला भाग जायचाच तर अशा संख्येने जाईल, जिला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ उरते. मग तपासायला शंभराहूनही कमी उरल्या. एकीनेही भाग गेला नाही.

१८११ साली बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहून टाकले की, याच्या पलीकडे कोणी जाईलसे वाटत नाही. असल्या गोष्टी कुतूहलाच्या, उपयोगाच्या नव्हेत. १८७६ मध्ये फ्रान्सच्या ल्यूकाने एकोणचाळीस आकडी मूळ संख्या सिद्ध केली. २०२४ साली सापडलेली तर चार कोटी दहा लाखांहून अधिक आकड्यांची! आणि उपयोग? १९७७ साली तिघा संशोधकांनी मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर गुप्तलेखनाची रीत बसवली. गुणाकार करणे सोपे, पण त्यावरून मूळच्या दोन संख्या ओळखणे महाकठीण. बँकांचे व्यवहार राखायला ती रीत कामी आली.

माझा प्रश्न मलाच बोचू लागला. प्रवेशाचे दिवस आले की, पालक मला हेच विचारतात : "मराठी घेऊन काय उपयोग?" यंदा माझ्या विशेष मराठीच्या वर्गात सातच मुले आहेत. आणखी दोन घटली तर वर्ग बंद, असे वरून बजावले आहे. त्या प्रश्नावर वर्षानुवर्षे चिडणारा मी, घरात मात्र बार्लो होऊन बसलो होतो! ऑयलरने भागाकार केले ते दोनशे वर्षांनंतरच्या बँकांसाठी नव्हे. उत्तर कळल्याखेरीज त्याला राहवले नाही, इतकेच.

हे सारे मी कन्येला सांगितले. वर्गाचेही सांगितले. ती म्हणाली, "सात? मग काळजी कसली, बाबा! पटावरची पहिली तीन घरे. मूळ संख्याच आहे ती."

सुट्टी संपली की, त्या सातांना हे सांगणार आहे. उपयोग विचारू नका.