आर्केडियातून कोणाला हाकलले?

गेल्या काही वर्षांत पाश्चात्त्य देशांतील, विशेषतः अमेरिका व इंग्लंडमधील, शहरी तरुण वर्गात एका स्वप्नाची मोठी चलती आहे. साधे सुती कपडे, घरी भाजलेला पाव, रानफुलांची परडी, दगडी भिंतींचे लहानसे घर, दाराशी चार कोंबड्या आणि एखादी शेळी. अशा चित्रांना 'कॉटेजकोअर' हे नाव मिळाले आणि २०२० च्या टाळेबंदीत ती मोबाइलच्या पडद्यावरून सर्वदूर पसरली. त्याआधी, २०१६ साली, 'स्टारड्यू व्हॅली' नावाचा संगणकावरील खेळ आला होता. त्यातील नायक एका अजस्र कंपनीच्या कचेरीत कोंडलेला नोकरदार असतो. तो आजोबांचे जपून ठेवलेले पत्र उघडतो, नोकरी सोडतो आणि वारशाने मिळालेल्या शेतावर जाऊन राहतो. एरिक बॅरोन या एकाच तरुणाने सुमारे साडेचार वर्षे खपून तयार केलेल्या या खेळाच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत.

आपल्या चळवळीतील पुष्कळ मंडळी अशा गोष्टींवर 'पलायनवाद' एवढा एक शिक्का मारून मोकळी होतात. शिक्का खोटा नाही. पण तो मारला की विचार संपतो, हे त्याचे वैगुण्य आहे. चार कोटी माणसे कचेरीतून पळून जाण्याचे चित्र विकत घेतात, तेव्हा कचेरीविषयी ती काहीतरी सांगत असतात. शिवाय ज्या ठिकाणी त्यांना पळून जायचे आहे ते ठिकाण त्यांनी शोधलेले नाही. ते दोन हजार वर्षांपूर्वीच रचून ठेवलेले आहे. त्याचे नाव आर्केडिया. मेंढपाळांचा, बासरीचा, सावलीचा आणि निवांतपणाचा तो देश. त्याचा इतिहास श्रमिकांच्या दृष्टीने वाचला, तर आजच्या या स्वप्नाचा पुष्कळसा उलगडा होतो.

खरा आर्केडिया ग्रीसच्या दक्षिणेस, पेलोपोनीजच्या मध्यभागी आहे. डोंगराळ, खडकाळ, हिवाळ्यात गारठणारा प्रदेश. जमीन इतकी तुटपुंजी की तेथील तरुण पिढ्यान् पिढ्या भाडोत्री सैनिक म्हणून बाहेर पडत. झेनोफनने ज्या दहा हजार ग्रीक सैनिकांच्या परतीची हकीकत लिहिली आहे, त्यांतील निम्म्याहून अधिक आर्केडिया व शेजारच्या अकेया या प्रांतांतले होते. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील इतिहासकार पॉलिबियस हा आर्केडियातील मेगालोपोलिसचाच. आपल्या लोकांच्या संगीतप्रेमाविषयी त्याने जे लिहून ठेवले आहे ते मुळातून पाहण्यासारखे आहे. आर्केडियात मुलांना लहानपणापासून आणि तरुणांना थेट वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत संगीताचे शिक्षण सक्तीचे होते. कारण काय, तर जीवन कष्टाचे आणि हवामान कठोर. त्याने माणसे राकट होतात, म्हणून पूर्वजांनी गायन, समूहनृत्य व उत्सव यांची घडी घालून दिली. किनेथा या एका नगराने संगीत टाकले, आणि ते आपसांतील हत्याकांडांत बुडाले, असे पॉलिबियस सांगतो. त्याची कारणमीमांसा कोणाला भाबडी वाटेल. पण आर्केडियाची बासरी कष्टकऱ्यांच्या समाजाने समजून उमजून उभारलेली सार्वजनिक संस्था होती, ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते. पुढच्या काळाने बासरी तेवढी ठेवली आणि कष्ट पुसून टाकले.

हे पुसण्याचे काम शहरात झाले. गोपगीतांचा जनक समजला जाणारा थिओक्रिटस हा सिसिलीतील सिराक्यूसचा. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात टॉलेमी राजांच्या अलेक्झांड्रियाशी, म्हणजे त्या काळच्या सर्वांत गजबजलेल्या महानगराशी, त्याचा संबंध होता. त्याचे गुराखी सिसिलीच्या डोंगरांत गाण्यांच्या पैजा लावतात. त्याच सिसिलीत सुमारे सव्वाशे वर्षांनी, इ. स. पूर्व १३५ मध्ये, गुलामांचे पहिले मोठे बंड पेटले. त्या बंडात गुराखी आघाडीवर होते. मोठ्या जमीनदारांनी गुलाम गुराख्यांना धड अन्नवस्त्रही न देता रानात सोडून दिले होते आणि लुटीवर जगायला भाग पाडले होते, असे डायोडोरसने नोंदवले आहे. गोपगीतांच्या संग्रहात या गुराख्यांना जागा मिळाली नाही.

आणि तरीही या परंपरेच्या शिखरावर असलेला कवी या आरोपातून बराचसा सुटतो. आर्केडिया हे नाव आदर्श भूमी म्हणून ज्याने रूढ केले, त्या रोमन कवी व्हर्जिलचा गोपगीतांचा संग्रह इ. स. पूर्व ४० च्या आसपासचा. फिलिपीच्या लढाईनंतर, इ. स. पूर्व ४२ मध्ये, विजयी सेनापतींनी हजारो निवृत्त सैनिकांना जमिनी देण्याचे ठरवले, आणि त्यासाठी इटलीतील अनेक नगरांच्या शिवारांतून शेतकऱ्यांना हुसकून लावले. व्हर्जिलच्या मांटुआलाही त्याची झळ लागली. त्याच्या पहिल्याच गोपगीतात दोन माणसे भेटतात. एक टिटिरस, झाडाच्या सावलीत आरामात बासरी वाजवणारा. रोमला जाऊन एका बड्या आश्रयदात्याच्या कृपेने त्याने आपला तुकडा वाचवला आहे. दुसरा मेलिबियस. त्याची जमीन गेली आहे. तो आपल्या शेळ्या हाकत देशोधडीला निघाला आहे, आणि नुकतीच व्यायलेली जुळी करडे त्याला वाटेत उघड्या खडकावर टाकून यावी लागली आहेत. आपण कसलेल्या शेतात आता कोणी शिपाईगडी पीक घेणार, हे त्याचे दुःख. अखेरीस टिटिरस त्याला एक रात्र थांबण्याचा आग्रह करतो; घरी फळे आहेत, चीज आहे, दूर घरांच्या छपरांवरून धूर निघतो आहे. एकच रात्र. सकाळी मेलिबियसला निघायचेच आहे.

युरोपने पुढे सोळाशे-सतराशे वर्षे हा संग्रह पाठ केला. मात्र अनुकरण केले ते टिटिरसचे. मेलिबियस कवितेतून गळाला आणि प्रत्यक्षात मात्र त्याची संख्या वाढत गेली. फिलिप सिडनीचा 'आर्केडिया' १५९० मध्ये प्रसिद्ध झाला. तो ज्या उमरावी उपवनात बसून लिहिला गेला ते उपवन एक आख्खे गाव कुंपणात घेऊन, कुळांना बाहेर काढून तयार केले होते, याकडे रेमंड विल्यम्स यांनी १९७३ च्या 'द कंट्री अँड द सिटी' या ग्रंथात बोट दाखवले. अठराव्या शतकात लॉर्ड मिल्टन याने तर डॉर्सेटमधील मिडल्टन हे बाजाराचे गाव वाड्यावरून दिसते, देखाव्यात खुपते, म्हणून टप्प्याटप्प्याने पाडून टाकले आणि तेथे 'निसर्गरम्य' भूभाग घडवला. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिने १७८३ पासून व्हर्सायच्या बागेत उभारलेल्या खोट्या खेड्याची कथा आपल्याला ठाऊकच आहे. तिच्यावर शाई खर्च करण्याचे कारण नाही.

विसाव्या शतकात उमरावांची जागा चित्रपट कंपन्यांनी घेतली. वॉल्ट डिस्ने यांचा 'फँटेशिया' नोव्हेंबर १९४० मध्ये पडद्यावर आला. त्यात बीथोव्हेनच्या सहाव्या, म्हणजे 'पास्टोरल' सिंफनीला प्राचीन ग्रीक स्वर्गभूमीचे दृश्यरूप दिलेले आहे. पंखांचे घोडे, अर्धे अश्व व अर्धे मानव असलेली तरुण जोडपी, मद्याचा देव बॅकस, आणि गंमत म्हणून विजांचे बाण फेकणारा झ्यूस. ते बाण ऐरणीवर घडवून देणारा लोहार व्हल्कन हा या स्वर्गात घाम गाळताना दिसणाऱ्या मोजक्यांपैकी एक. दुसरी होती 'सनफ्लॉवर' नावाची काळी मुलगी. गौरवर्णी अश्वकन्यांच्या टापा घासणे आणि त्यांना फुलांनी सजवणे हे तिचे काम. अमेरिकेतील नागरी हक्कांच्या लढ्यानंतर, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, कंपनीने तिची दृश्ये कापून टाकली. त्या उपहासचित्राचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु कात्रीने काय साधले तेही पाहा: मोलकरीण गेली, टापा मात्र चकचकीतच राहिल्या. खेड्याच्या गौरवगानावर बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत जो प्रखर हल्ला केला, त्याची येथे आठवण व्हावी. गाव कोणाच्या ओट्यावरून रम्य दिसते, हे गावकुसाबाहेर ढकललेल्या समाजातून आलेल्या त्या माणसाला कोणी शिकवावे लागले नव्हते.

हा ग्रीक स्वर्ग रंगवला कोणी? डिस्नेच्या कारखान्यातील शेकडो कलावंतांनी. रेखाचित्रांवर शाई फिरवणाऱ्या आणि रंग भरणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि त्यांचे वेतन तुटपुंजे होते. मे १९४१ मध्ये या कलावंतांनी संप केला. त्याच 'फँटेशिया'तील नाचणाऱ्या अळंब्यांचे दृश्य ज्याने जिवंत केले, त्या आर्ट बॅबिट या नामांकित कलावंताला संघटनेच्या कामासाठी बडतर्फ करण्यात आले होते. ठिणगी त्यावरून पडली. संप सुमारे नऊ आठवडे चालला आणि कंपनीला संघटना मान्य करावी लागली. डिस्ने यांनी याचा राग धरला आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या कुप्रसिद्ध चौकशी समितीपुढे संपाच्या पुढाऱ्यांवर कम्युनिस्ट असल्याचा ठपका ठेवला.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कलावंतांना संघटना मिळाली ती १९३५ च्या वॅग्नर कायद्याच्या बळावर. त्याच कायद्याने शेतमजुरांना आणि घरकाम करणाऱ्यांना मात्र वगळले होते, आणि संघराज्याच्या पातळीवर ते आजही वगळलेले आहेत. कॅलिफोर्नियाने शेतमजुरांसाठी स्वतःचा कायदा केला तो १९७५ मध्ये, तोही दीर्घ लढ्यानंतर. म्हणजे मेंढपाळांचे चित्र काढणाऱ्याला जो हक्क मिळाला, तो मेंढ्या राखणाऱ्याला नव्हता. १९४० मध्येच, 'फँटेशिया'च्या काही महिने आधी, जॉन फोर्ड यांनी स्टाइनबेकच्या कादंबरीवरून काढलेला 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' प्रदर्शित झाला होता. ओक्लाहोमातून जमिनीवरून उठवलेली कुटुंबे कॅलिफोर्नियाच्या फळबागांना स्वर्ग समजून तेथे येतात, आणि त्यांच्या पदरी पडतात झोपड्या, बंदुकवाले पहारेकरी आणि उपासमारीची मजुरी. हा मेलिबियसच आहे. फक्त शेळ्यांच्या जागी मोडका ट्रक आहे.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे. टोल्किन यांच्या कादंबऱ्यांतील 'शायर' हा आर्केडियाचाच इंग्रज वंशज. तेथे शेते आहेत, मेजवान्या आहेत, तंबाखूचा धूर आहे. १९५५ मध्ये पुऱ्या झालेल्या महाकादंबरीच्या शेवटी नायक घरी परततात तेव्हा शायर उद्ध्वस्त झालेले असते: झाडे तोडलेली, नवी धूर ओकणारी गिरणी, गुंडांचा अंमल. टोल्किन काही समाजवादी नव्हते, पण स्वर्गावरही धाड पडते हे त्यांनी लपवले नाही. २००३ च्या चित्रपटात हे प्रकरण गाळले आणि शायर जसेच्या तसे हिरवेगार ठेवले. पुढे 'द हॉबिट'च्या वेळी, २०१० मध्ये, न्यूझीलंडमधील नटांच्या संघटनेने सामूहिक कराराची मागणी केली. वॉर्नर ब्रदर्सने चित्रीकरण दुसऱ्या देशात हलवण्याची धमकी दिली. त्या देशाच्या सरकारने कंपनीला वाढीव सवलती दिल्या आणि ऑक्टोबर महिन्यात घाईघाईने कायदा करून चित्रपट कामगारांना कर्मचारी न मानता कंत्राटदार मानण्याची तरतूद केली. लोक त्याला 'हॉबिट कायदा' म्हणू लागले. सामूहिक वाटाघाटीचा हक्क परत मिळण्यास २०२२ साल उजाडले. माटामाटा येथे मेंढ्यांच्या कुरणावर उभारलेले हॉबिटांचे गाव पाहायला जगभरचे पर्यटक जातात. बारा वर्षांची ही कहाणी त्या हिरवळीवर कोठे लिहिलेली नसते.

खरा आर्केडिया या काळात काय करत होता? विसाव्या शतकाच्या आरंभी पेलोपोनीजमधून हजारो तरुण अमेरिकेला गेले, त्यांत आर्केडियातलेही होते. पॉलिबियसच्या मेगालोपोलिसजवळ पुढे लिग्नाइटच्या उघड्या खाणी खोदल्या गेल्या आणि औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले.

आता त्या चार कोटींकडे वळू. 'स्टारड्यू व्हॅली'च्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे: गावाला गिळू पाहणारी कंपनी त्यात आहे, आणि तिच्याशी हातमिळवणी करायची की गावाचे सार्वजनिक सभागृह पुन्हा उभारायचे, हा निर्णय खेळणाऱ्यावर सोडलेला आहे. मार्च २०२० मध्ये आलेल्या 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' या निंटेंडोच्या खेळात तर रम्य बेटावर घर बांधताच माणूस कर्जबाजारी होतो. कर्ज बिनव्याजी असते, एवढाच काय तो स्वर्ग! पण दोन्ही खेळांत जमीन येते ती आपसूक, वारशाने किंवा खरेदीने. ती कोणाकडून आली हा प्रश्न उद्भवत नाही. गंमत अशी की दिवसभर राबून आलेला माणूस रात्री पडद्यावर पुन्हा नांगरतो, पेरतो, पाणी घालतो. त्याला श्रमाचा कंटाळा नाही. ज्या श्रमाचे फळ आपल्या डोळ्यांसमोर उगवते आणि ज्याचा वेग आपण ठरवतो, असा श्रम त्याला हवा आहे. या भुकेला पलायन म्हणून हिणवणे हा आपला करंटेपणा होईल.

मार्क्सचे जावई पॉल लाफार्ग यांनी १८८० मध्ये 'आळसाचा हक्क' हा निबंध लिहिला, तेव्हा त्यांनी व्हर्जिलच्या याच पहिल्या गोपगीतातील निवांतपणाचे स्मरण केले होते. त्यांनी ते कामगारांच्या बाजूने वापरले: यंत्रे आली आहेत, तर काम दिवसाला तीन तासांवर आणा. टिटिरसची सावली एका आश्रयदात्याच्या मर्जीवर होती. लाफार्ग ती कायद्याने सर्वांना मागत होते. आपल्या कार्यक्रमपत्रिकांत मजुरी असते, जमीन असते, आणि ती असलीच पाहिजे; पण निवांतपणाची मागणी आपण मांडेनासे झालो आहोत, आणि ती जागा खेळ विकणाऱ्यांनी घेतली आहे. अभ्यासमंडळांच्या पुढील सत्रांत 'फँटेशिया'मधील ग्रीक भाग आणि 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' हे लागोपाठ दाखवावेत, दोहोंच्या मध्ये डिस्नेच्या संपाची हकीकत सांगावी, आणि चर्चा कामाच्या तासांवर घ्यावी. दिवसाचे तास किती, सुट्या किती आणि भरपगारी किती, हे उपस्थितांपैकी प्रत्येकाकडून आधी विचारून घ्यावे.